सुतळी, मांजरपाट आणि एक लोखंडी कडं

इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टचा सीझन सुरू झाला की भंगारवाल्यांकडे नवं गिऱ्हाईक यायला लागतं. पाठीवर सॅक, हातात मोबाईल, आणि मागणी एकदम भलतीच. जळालेली मोटर आहे का? बंद पडलेल्या हार्ड डिस्क किलोवर देता का? जुन्या वॉशिंग मशीनचा ड्रम नको, फक्त मोटर हवी. भंगारवाला आधी चक्रावतो, मग त्याला कळतं की पोरं घरच्या घरी अल्टरनेटर बनवतायत, आणि मग तो भाव वाढवतो.

रेसिपी तशी साधी आहे. हार्ड डिस्क फोडली की आत पत्र्याला चिकटवलेले वाकडे, चकचकीत आणि बोट चिमटतील एवढे जोरकस चुंबक मिळतात. ते एका गोल चकतीवर उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण असे आलटून पालटून चिकटवायचे. समोर तांब्याच्या तारेची वेटोळी बसवायची. चकती फिरवायची. वेटोळ्याच्या टोकांना एलईडी जोडला असेल तर तो लुकलुकायला लागतो. ना बॅटरी, ना प्लग. याला म्हणतात पर्मनंट मॅग्नेट अल्टरनेटर. आपल्या आजोबांच्या सायकलच्या चाकाला घासत फिरणारा तो ‘डायनॅमो’ही खरं तर हाच प्रकार. त्याच्या पोटात चुंबक फिरायचा आणि भोवतीच्या वेटोळ्यात वीज तयार व्हायची.

या सगळ्या खटाटोपाचा पहिला धडा ज्या माणसाने घालून दिला, त्याच्याकडेही विकत आणलेलं भारी सामान फारसं नव्हतं. इंजिनीअरिंगची डिग्रीही नव्हती. खरं सांगायचं तर शाळासुद्धा धड झालेली नव्हती. मायकेल फॅरेडे हे नाव आपण दहावीच्या आसपास एका नियमाच्या मागे वाचतो, दोन मार्कांसाठी पाठ करतो आणि विसरतो. त्या नियमामागचा माणूस मात्र विसरण्यासारखा नाही.

लोहाराचा पोरगा

फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा. लंडनच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्स नावाची वस्ती होती, तिथला. वडील जेम्स लोहारकाम करायचे, पण तब्येतीने सतत आजारी. चार भावंडांत मायकेल तिसरा. १८०१ मध्ये धान्याचे भाव कडाडले तेव्हा घरात इतकी ओढाताण होती की मायकेलच्या वाट्याला आठवडाभरासाठी एक पाव यायचा, आणि तो त्याला पुरवून पुरवून खावा लागायचा. लिहिणं, वाचणं आणि थोडाफार हिशेब, एवढं शिक्षण झालं आणि तेराव्या वर्षी तो कामाला लागला.

काम होतं जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे. वर्षभर घरोघर वर्तमानपत्रं पोचवली. पोरगा कामाला चोख आहे हे बघून मालकाने त्याला १८०५ मध्ये बुकबाइंडिंगच्या उमेदवारीवर घेतलं. सात वर्षांचा करार. पुस्तकं शिवायची, पाठीला सरस लावायचा, पुठ्ठा चढवायचा. पण हा पोरगा बांधायला आलेली पुस्तकं बांधता बांधता वाचायचा. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा एक खंड बांधायला आला, त्यात विजेवरचा लेख होता. जेन मार्सेट या बाईंनी रसायनशास्त्रावर सोप्या संवादांच्या रूपात लिहिलेलं पुस्तक आलं, तेही त्याने संपवलं. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही तो या बाईंचे उपकार मानत असे.

फॅरेडेचं वेगळेपण इथेच दिसायला लागतं. वाचलेलं त्याला पटायचं नाही, करून बघितल्याशिवाय. रिबोच्या दुकानात मागच्या बाजूला त्याने प्रयोग मांडले. घर्षणाने वीज तयार करणारं यंत्र हवं होतं, तर काचेची एक साधी बाटली घेऊन सुरुवात केली.

१८१२ च्या उन्हाळ्यात त्याने बॅटरी बनवली. व्होल्टाने बॅटरीचा शोध लावून तेव्हा जेमतेम बारा वर्षं झाली होती, आणि ती दुकानात मिळणारी वस्तू नव्हती. फॅरेडेने जस्ताच्या पत्र्यातून अर्ध्या पेनीच्या नाण्याएवढ्या सात चकत्या कापल्या. त्यांच्यासोबत सात खरीखुरी नाणी घेतली, तांब्याची. मधे मिठाच्या पाण्यात बुडवलेले कागदाचे तुकडे. झाली बॅटरी. त्याने मॅग्नेशियम सल्फेटच्या, म्हणजे एप्सम सॉल्टच्या, पाण्यात तिच्या तारा सोडल्या आणि बुडबुडे यायला लागले. त्या आनंदात त्याने मित्राला लिहिलेलं लांबलचक पत्र आजही उपलब्ध आहे. खिशातल्या चिल्लरीतून उभी केलेली ही प्रयोगशाळा. हॉस्टेलच्या खोलीत सोल्डरिंग गन घेऊन बसणाऱ्या कुणालाही ओळखीची वाटेल.

एक पुस्तक, एक अर्ज

त्याच वर्षी दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानांची तिकिटं दिली. वक्ते होते सर हम्फ्री डेव्ही. त्या काळातले सुपरस्टार शास्त्रज्ञच म्हणा ना. सोडियम, पोटॅशियम वेगळं करून दाखवणारा हा माणूस. फॅरेडेने चार व्याख्यानं ऐकली, नोट्स काढल्या, घरी येऊन त्या सुवाच्य लिहिल्या, आकृत्या काढल्या. सुमारे ३०० पानं झाली. ती स्वतःच्या हाताने बांधली.

उमेदवारी संपली होती, नवा मालक तापट होता आणि बाइंडिंगमध्ये त्याचं मन रमत नव्हतं. वडील १८१० मध्येच गेले होते. आधी त्याने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहून बघितलं. उत्तरच आलं नाही. मग ते बांधलेलं पुस्तक डेव्हींकडे पाठवलं. डेव्ही भेटले, कौतुक केलं, पण जागा नव्हती. काही आठवड्यांनी प्रयोगशाळेतल्या एका मदतनिसाला मारामारीवरून काढून टाकलं गेलं आणि जागा तयार झाली. १ मार्च १८१३ ला फॅरेडे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रुजू झाला. पगार आठवड्याला २५ शिलिंग आणि वर राहायला दोन खोल्या. आयुष्यातली पुढची जवळजवळ पन्नास वर्षं त्याने याच इमारतीत काढली.

पण दार उघडलं म्हणजे सगळे आत घेतात असं नाही. त्याच वर्षी डेव्ही युरोपच्या दौऱ्यावर निघाले. फॅरेडे सोबत होता, प्रयोगातला मदतनीस म्हणून. डेव्हींच्या खासगी नोकराने ऐनवेळी यायला नकार दिला, आणि ती कामंही फॅरेडेच्या गळ्यात पडली. डेव्हींच्या पत्नीने त्याला नोकरासारखंच वागवलं. एकीकडे पॅरिसमध्ये अँपियर, इटलीत व्होल्टा अशा माणसांच्या भेटी, आणि दुसरीकडे जेवायला नोकरांच्या पंगतीत. त्याच्या पत्रांमधून तो इतका वैतागलेला दिसतो की सगळं सोडून परत जावं असंही त्याच्या मनात आलं होतं. तो गेला नाही. दीड वर्षात जगातली उत्तमोत्तम माणसं कसं काम करतात ते बघून आला.

चोरीचा आळ

१८२१ हे वर्ष त्याच्या आयुष्यात गोड आणि कडू दोन्ही ठरलं. जूनमध्ये सारा बर्नार्डशी लग्न झालं. सप्टेंबरमध्ये त्याने एक प्रयोग केला. पाऱ्याच्या भांड्यात चुंबक उभा केला, वरून एक तार लोंबती सोडली, तारेतून वीज सोडली, आणि तार चुंबकाभोवती गोल गोल फिरायला लागली. विजेपासून सतत फिरणारी हालचाल. आजच्या प्रत्येक पंख्याची आणि मिक्सरची ही खापरपणजी.

फॅरेडेने घाईने निबंध छापला. आणि तिथेच चुकला. विल्यम वोलास्टन नावाचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ डेव्हींसोबत याच दिशेने विचार करत होते. त्यांचा प्रयोग वेगळा होता आणि तो जमलाही नव्हता. पण फॅरेडेच्या निबंधात त्यांचा उल्लेख नव्हता. कुजबुज सुरू झाली की बाइंडरच्या पोराने मोठ्यांची कल्पना ढापली. फॅरेडेने स्वतः वोलास्टनना गाठून बाजू मांडली. त्यांच्या मनात फारसं काही राहिलं नाही. डेव्हींच्या मनात मात्र राहिलं. १८२३ मध्ये फॅरेडेचं नाव रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी पुढे आलं तेव्हा अध्यक्ष असलेल्या डेव्हींनी विरोध केला. ज्याने बोट धरून आत आणलं, तोच आता दार अडवून उभा. तरीही फॅरेडे निवडून आला. विरोधात पडलेलं मत फक्त एक होतं.

विशेष म्हणजे त्याने डेव्हींबद्दलचा आदर शेवटपर्यंत सोडला नाही.

कड्याची गोष्ट

विजेने चुंबकत्व तयार होतं हे आता सगळ्यांना माहीत होतं. मग उलट का नाही होणार? चुंबकापासून वीज का नाही मिळणार? फॅरेडेने १८२० च्या दशकात हे अनेकदा करून बघितलं. तारेजवळ तार ठेवली, चुंबकाजवळ तार ठेवली. काही नाही. त्याने प्रयोगवहीत निकाल शून्य असं प्रामाणिकपणे नोंदवलं आणि दुसऱ्या कामाला लागला.

मग आला २९ ऑगस्ट १८३१. त्याने मऊ लोखंडाचं एक कडं घेतलं, बाहेरून ६ इंच व्यासाचं. त्याच्या एका बाजूला साधारण ७२ फूट तांब्याची तार गुंडाळली, दुसऱ्या बाजूला साधारण ६० फूट. आता इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. आज आपण दुकानात जाऊन इनॅमल चढवलेली वाइंडिंग वायर मागतो. तेव्हा असली तार मिळत नव्हती, आणि उघडी तार एकमेकीला टेकली की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून फॅरेडेने तारेच्या प्रत्येक वेढ्याच्या बाजूने सुतळी गुंडाळली आणि प्रत्येक थरावर कापड चढवलं. कापड कुठलं, तर कॅलिको, म्हणजे आपला मांजरपाट. कॅलिको हे नावच मुळी आपल्या कालिकत बंदरावरून पडलेलं. ज्या हातांनी सात वर्षं पुस्तकं शिवली, त्यांनाच एवढं चिकट, किचकट काम जमलं असणार.

एका बाजूची तार बॅटरीला. दुसऱ्या बाजूची तार तीन फूट लांब ठेवलेल्या चुंबकसूचीजवळून नेलेली. बॅटरी जोडली. सुई हलली, आणि पुन्हा जागेवर येऊन थांबली. बॅटरी तोडली. सुई पुन्हा हलली. मधल्या वेळात, वीज सुरळीत वाहत असताना, सुई ढिम्म.

आधीचे सगळे प्रयोग का फसले याचं उत्तर त्या सुईच्या झटक्यात होतं. नुसता चुंबक ठेवून वीज मिळत नाही. काहीतरी बदलावं लागतं. चुंबकत्व वाढलं पाहिजे, कमी झालं पाहिजे, किंवा हललं पाहिजे. स्थिर गोष्ट काही देत नाही, बदल देतो.

१७ ऑक्टोबरला त्याने ते आणखी सोपं केलं. कागदाच्या नळीवर तार गुंडाळली आणि तिच्या पोकळीत एक लांब चुंबक झटकन घातला. सुई एका बाजूला हलली. चुंबक बाहेर ओढला, सुई उलट बाजूला. आत-बाहेर, आत-बाहेर. हाच तो उलटसुलट वाहणारा प्रवाह, ज्याला आपण एसी म्हणतो आणि जो आज आपल्या घरातल्या सॉकेटमध्ये दर सेकंदाला ५० वेळा ही फेरी पूर्ण करतो.

पण सतत वाहणारी वीज हवी असेल तर? २८ ऑक्टोबरला फॅरेडे वूलिचला गेला. तिथे सॅम्युअल क्रिस्टी यांच्या घरी रॉयल सोसायटीचा अवाढव्य चुंबक ठेवलेला होता, सुमारे ४५० चुंबकपट्ट्या एकत्र बांधून केलेला. त्याच्या दोन ध्रुवांच्या मधे त्याने १२ इंच व्यासाची तांब्याची चकती फिरवली. एक तार चकतीच्या आसाला, दुसरी कडेला टेकवलेली. जोवर चकती फिरत होती तोवर सुई एका बाजूला झुकून राहिली. माणसाने बनवलेला हा पहिला जनरेटर. वीज अगदी किरकोळ, कारण चकती म्हणजे वेढे नसलेली जाडजूड तारच. पण तत्त्व सिद्ध झालं होतं. २४ नोव्हेंबरला त्याने हे सगळं रॉयल सोसायटीपुढे मांडलं.

तुमच्या प्रोजेक्टमधली तिन्ही हत्यारं यातच आहेत. वेढे वाढवा, चुंबक जोरदार घ्या, वेग वाढवा. व्होल्टेज या तिघांवरच ठरतं. एलईडी पेटला नाही तर याच तीन ठिकाणी शोधायचं, आणि चौथ्या ठिकाणी म्हणजे चुंबक आणि वेटोळ्यामधल्या फटीत. फट जितकी कमी तितकं बरं.

पी. एम. कोण?

पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. फॅरेडेला हवं असतं तर त्याने मोठं यंत्र बनवून पेटंट, पैसा सगळं कमावलं असतं. त्याने ते केलं नाही. नवं तत्त्व शोधायचं हे आपलं काम, यंत्र सुधारणारे दुसरे येतील, असं त्याने ठरवून टाकलं.

आणि आलेच. १८३२ मध्ये पॅरिसच्या हिपोलिट पिक्सी या वाद्य नव्हे तर वैज्ञानिक उपकरणं बनवणाऱ्या कारागिराने हाताने फिरवायचं यंत्र तयार केलं. नालाच्या आकाराचा कायमस्वरूपी चुंबक खाली फिरतो आणि वर दोन वेटोळी. आजच्या पर्मनंट मॅग्नेट अल्टरनेटरचा हा मूळपुरुष. त्यातून एसी यायचा. पण तेव्हा उलटसुलट वाहणाऱ्या विजेचं काय करायचं हेच कुणाला कळेना, म्हणून अँपियरच्या सूचनेवरून तिला एकाच दिशेला वळवणारी सोय बसवली गेली. आज आपण त्यासाठी चार डायोडचा रेक्टिफायर लावतो.

त्याच वर्षी जुलैच्या शेवटी फॅरेडेला एक पत्र आलं. त्यात चाकावर बसवलेले नालाकृती चुंबक आणि समोर स्थिर वेटोळी अशा यंत्राचं वर्णन होतं. ते वाचताना आजच्या हॉस्टेलमधल्या प्रोजेक्टचाच आराखडा वाटेल. खाली सही होती फक्त पी. एम. अशी. नाव नाही, पत्ता नाही. योगायोग असा की आज याच यंत्राच्या नावातला पीएम म्हणजे पर्मनंट मॅग्नेट.

फॅरेडेने काय करावं? पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं असतं तर जगाला कळलंही नसतं. त्याने ते छापायला पाठवून दिलं, जसंच्या तसं, पी. एम. च्याच नावावर. ज्याच्यावर दहा वर्षांपूर्वी दुसऱ्याची कल्पना ढापल्याचा आळ आला होता, त्याने अनोळखी माणसाचं श्रेय त्याच्यापर्यंत पोचवलं. नोट्सचे फोटो फॉरवर्ड करताना मूळ लिहिणाऱ्याचं नावही न टाकणाऱ्या आपल्या पिढीने यावर दोन मिनिटं विचार करायला हरकत नाही. मी केला. थोडी लाज वाटली.

दीपगृहातला म्हातारा

फॅरेडेला गणित जवळजवळ येत नव्हतं. त्याच्या निबंधांत समीकरणं नाहीत, चित्रं आहेत. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस टाकला की ज्या रेषा उमटतात, त्या रेषा म्हणजे नुसती नक्षी नाही, तिथे खरंच काहीतरी आहे असं तो म्हणायचा. अनेक गणितज्ञांना हे बाळबोध वाटलं. पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेलने त्याच चित्रांना समीकरणांचं रूप दिलं आणि त्यातून रेडिओ लहरींपर्यंतचा रस्ता निघाला. मॅक्सवेलचा जन्म १८३१ चा. ज्या वर्षी कडं गुंडाळलं गेलं, त्याच वर्षीचा.

कामाचा ताण फॅरेडेला सोसला नाही. १८३९-४० च्या सुमारास तो कोलमडला. चक्कर, डोकेदुखी, विसराळूपणा. काही वर्षं संशोधन जवळपास बंद होतं. त्यानंतर स्मरणशक्ती कायमची दगा देत राहिली. म्हणून तो सगळं लिहून ठेवायचा. प्रयोगवहीतल्या परिच्छेदांना त्याने क्रमांक दिले होते, ते १६ हजारांच्या पुढे गेले.

तो सँडेमनियन नावाच्या छोट्या ख्रिस्ती पंथाचा होता. पैसा साठवणं तिथे बरं मानलं जात नसे. बाहेरच्या कंपन्यांसाठी सल्ल्याची कामं करून तो श्रीमंत झाला असता. ती त्याने बहुतेक बंद केली. सर ही पदवी नको म्हणाला, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही नको म्हणाला. लहान मुलांसाठी नाताळातली व्याख्यानं मात्र आवडीने दिली. एका मेणबत्तीवर त्याने दिलेल्या व्याख्यानांचं पुस्तक आजही छापलं जातं.

एक जबाबदारी त्याने म्हातारपणापर्यंत सोडली नाही, दीपगृहांची. १८३६ पासून तो इंग्लंडच्या दीपगृहांचं काम बघणाऱ्या ट्रिनिटी हाऊसचा वैज्ञानिक सल्लागार होता. १८५७ मध्ये फ्रेडरिक होम्स याने एक धूड त्याच्यापुढे आणलं. वाफेच्या इंजिनावर फिरणारं, कायमस्वरूपी चुंबकांचं वीजयंत्र. डिसेंबर १८५८ मध्ये साउथ फोरलँडच्या दीपगृहात त्याच्या विजेवर दिवा पेटला. फॅरेडे ते तपासायला जायचा. १८६० च्या फेब्रुवारीत बर्फाने रस्ते बंद झाले होते, तर अडुसष्ट वर्षांचा हा माणूस कुंपणं ओलांडत, शेतातून चालत दीपगृहापर्यंत पोचला. तीस वर्षांपूर्वी सुई जरा हलली होती. आता तीच वीज समुद्रावरच्या जहाजांना रस्ता दाखवत होती.

२५ ऑगस्ट १८६७ ला हॅम्प्टन कोर्टच्या घरी, आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या फॅरेडे गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सीमेन्स आणि व्हीटस्टोन यांचे नवे डायनॅमो रॉयल सोसायटीपुढे आले होते. त्यात कायमस्वरूपी चुंबक नव्हते, स्वतःच्याच विजेवर चालणारे विद्युतचुंबक होते. मोठमोठी वीजकेंद्रं त्याच वाटेने गेली. कायमस्वरूपी चुंबक सायकलच्या डायनॅमोत आणि स्कूटरच्या मॅग्नेटोत उरले. १९८० च्या दशकात निओडायमियमचे जबरदस्त चुंबक आले, हार्ड डिस्कमध्ये गेले, आणि तिथून भंगारात. म्हणजे तुमच्या प्रोजेक्टपर्यंत.

ते लोखंडी कडं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवलंय. कापड मळलेलं, सुतळीची टोकं बाहेर आलेली, तारेची वेडीवाकडी वळणं. व्हायवाला असलं काही नेलं तर फिनिशिंगचे मार्क नक्की कापले जातील.

बाय द वे, अल्टरनेटर सावकाश फिरवला की एलईडी सलग न पेटता लुकलुकतो. ते बिघाडाचं लक्षण नाही. एक ध्रुव समोरून गेला की वीज एका दिशेने जाते, दुसरा गेला की उलट दिशेने, आणि एलईडी त्यातली एकच दिशा मानतो. कागदाच्या नळीत चुंबक आत गेला, बाहेर आला, त्याचीच ती उघडझाप.